रिकाम्या चौकटीचे गुण

महान सिनेमा कशाने होतो, या प्रश्नाचा शीव कोळीवाड्यात एकदाचा निकाल लागला. कासव पहिला, कोर्ट दुसरा, श्वास तिसरा, देऊळ काठावर पास आणि श्यामची आई नापास. निकालपत्र सोसायटीच्या फलकावर, पाण्याची टाकी धुण्याच्या सूचनेशेजारी लावलं आहे. हरकत असल्यास पंधरा दिवसांत लेखी कळवायची. टाकीबद्दल दोन हरकती आल्या, सिनेमाबद्दल एकही नाही.

समिती तुमच्या ओळखीची आहे. तुमच्याही इमारतीत ती असणारच. गणपतीत रांगोळीची परीक्षक, कोजागरीला दुधाची परीक्षक, आणि मधल्या रिकाम्या महिन्यांत जागतिक सिनेमाची.

स्पर्धक निवडले ते मात्र चोख. देशातला सर्वोत्कृष्ट चित्रपट हा राष्ट्रीय मान ज्या मराठी सिनेमांना मिळाला, ते हेच पाच. १९५३ सालच्या, म्हणजे पहिल्याच पुरस्कारांत श्यामची आईला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक. पुढचं थेट २००३ सालचं, श्वासला. मग २०११चं देऊळला, २०१४चं कोर्टला, २०१६चं कासवला. पहिल्या दोघांमध्ये पन्नास वर्षं गेली. त्या पन्नास वर्षांत सामना आला, जैत रे जैत आला, सिंहासन आला, उंबरठा आला. पण ते यादीत नाहीत, म्हणून तक्त्यात नाहीत, म्हणून महान नाहीत. हा मुद्दा समितीने एका कटिंगमध्ये उरकला.

मग गुण ठरले. सामाजिक आशयाला वीस. संथपणाला वीस, त्यात कासवला नावावरूनच पैकीच्या पैकी. गाणं नसल्यास दहा. शेवट न कळल्यास पंधरा, कळल्यास शून्य. प्रेक्षक हसले तर दर हशामागे एक गुण कापायचा. देऊळ इथेच बुडाला. शिवाय त्याचं सुवर्णकमळ ब्यारी या सिनेमाशी वाटून घेतलेलं असल्यामुळे उरलेले गुणही निम्मे केले गेले. श्यामची आईचं तर बोलूच नका. गाणी आहेत, गोष्ट कळते, आणि सत्तर वर्षं झाली तरी माणसं अजून रडतात. ‘प्रेक्षकाच्या भावनेला हात घालणे’ या सदराखाली तिचे इतके गुण वजा झाले की ती आठवीच्या वर्गातही बसली नसती.

पण खरी मेख होती शेवटच्या रकान्यात. रकान्याचं नाव, रिकामी चौकट. कमाल गुण बारा.

रिकामी चौकट म्हणजे काय, ते पुरस्कारप्राप्त सिनेमे पाहणाऱ्याला सांगायला नको. माणूस दारातून निघून जातो. आपणही उठायला लागतो. पण कॅमेरा तिथेच. दार आहे. भिंत आहे. भिंतीवर कॅलेंडर आहे, त्यावर गेल्या महिन्याचं पान आहे. पंखा फिरतो. लांबून कोंबडा आरवतो. समितीच्या मते सिनेमाचं मोठेपण नेमकं इथे मोजता येतं, आणि मोजायला स्टॉपवॉच लागतं. ते एका सभासदाने नातवाच्या शाळेच्या क्रीडादिनातून मिळवलं. दर तीन सेकंदांना एक गुण. तीन सेकंदांच्या आत कापलं तर धंदेवाईक. दहापर्यंत थांबलं तर समांतर. वीसपर्यंत थांबलं तर राष्ट्रीय. त्यापुढे थांबलं तर परदेशी महोत्सव, आणि तिथे फक्त चौकटीत एखादी म्हैस असावी लागते.

मोजणी घरोघरी झाली आणि तिथेच पहिली गडबड उडाली. एका परीक्षकांनी एका सिनेमाला बाराच्या बारा गुण दिले आणि शेऱ्यात लिहिलं, ‘दिग्दर्शकाने दीड मिनिट मौन बाळगण्याचं धाडस दाखवलं आहे, मध्यभागी फिरणारं गोल वर्तुळ काळाचं प्रतीक वाटतं.’ त्यांचं वायफाय अडकलं होतं. हे लक्षात आल्यावर गुण परत घ्यावेत की नाहीत यावर सव्वा तास चर्चा झाली. शेवटी ठरलं की कलाकृतीचा अर्थ प्रेक्षकाने लावायचा असतो, सबब गुण कायम. मग एकाला सुचलं की आपल्याच इमारतीत याहून मोठी कलाकृती पडून आहे. पार्किंगचा सीसीटीव्ही! रात्री दोन ते पाच. स्थिर कॅमेरा, नैसर्गिक प्रकाश, पार्श्वसंगीत शून्य. डावीकडून एक कुत्रा येतो, तिसऱ्या क्रमांकाच्या स्कूटरपाशी थांबतो, जे करायचं ते करतो आणि उजवीकडे जातो. पुढे पन्नास मिनिटं फक्त स्कूटर. शहरी एकाकीपणावर इतकं नितळ भाष्य कुठे पाहिलं नाही, असं एक वहिनी म्हणाल्या आणि त्यांचा आवाज दाटून आला. स्कूटर त्यांचीच होती. दिग्दर्शक म्हणून वॉचमनचं नाव घालावं असं निघालं, पण त्या वेळी तो झोपलेला असतो हेही त्याच चित्रणात स्पष्ट दिसत असल्याने त्याला पुरस्कार द्यावा की मेमो, हे पुढच्या सभेवर ढकललं गेलं. तोवर चित्रण उरलं नाही, सात दिवसांनी आपोआप पुसलं जातं. सगळ्यांनी मान डोलावली. शेवट खुला.

इथवर मी हसत होतो.

मग आला कोर्ट. सभागृहात पडदा लावून सगळ्यांनी मिळून पाहिला, कारण त्यातल्या एका चौकटीवरून दोन गट पडले होते. उन्हाळ्याची सुट्टी लागते, न्यायालयातली माणसं उठतात, कागद आवरले जातात, शिपाई एकेक दिवा मालवत जातो आणि पडद्यावर काळोख होतो. एक गट म्हणाला, काळोखात चौकटच दिसत नाही, मग रिकामी कशी मोजायची? दुसरा म्हणाला, जी दिसतही नाही ती सर्वात रिकामी, गुण दुप्पट हवेत. स्टॉपवॉचवाल्यांनी मोजणी तीनदा केली, तिन्ही वेळा वेगळा आकडा आला. दर वेळी मागे नेऊन तोच शिपाई, तेच दिवे. कागद चुरगळले, आवाज चढले, वडे गार झाले.

सभेला पंजाबी कॉलनीतले एक पापाजी आले होते. फाळणीनंतर इथल्या लष्करी बराकींत ज्यांची घरं मांडली गेली, त्यांच्यातले. मराठी समजतं, बोलायची वेळ आली की हिंदीत शिरतात. ते मागच्या खुर्चीवरून म्हणाले, “अरे भाई, वो बुड्ढे को बेल मिली क्या?”

समितीने त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू त्यांनी मध्यंतर कधी आहे असं विचारलं असावं. अध्यक्षांनी समजूत काढली, “पापाजी, आपण इथे कथानकावर बोलत नाही आहोत.”

अहो, मग कशावर बोलत आहोत? त्या सिनेमात एक म्हातारा शाहीर आहे. गटारात उतरलेला एक कामगार मरतो आणि याच्या गाण्याने त्याने जीव दिला, असा याच्यावर आरोप आहे. सुट्टी तोंडावर आली म्हणून त्याला जामीन मिळत नाही. न्यायालय सुट्टीवर जातं आणि तो आजारी माणूस आत जातो. तो काळोख त्या म्हाताऱ्याचा आहे. दिग्दर्शकाने तो काळोख समोर धरला आणि आमच्या लोकांनी त्यावर स्टॉपवॉच लावलं! सभागृहात चाळीस माणसं होती आणि सिनेमा एकट्या पापाजींनी पाहिला. त्यांच्या प्रश्नाला तक्त्यात रकाना नाही, म्हणून तो इतिवृत्तातही आला नाही. इतिवृत्तात आहे, ‘एका सदस्याने विषयांतर केले.’

मी उभं राहून विचारलं, या पाचांतला कुठला सिनेमा तुम्ही तिकीट काढून थिएटरात पाहिलात? एकाने श्वास कोकणात जाणाऱ्या बसमध्ये पाहिला होता, चिपळूणपर्यंत. एका काकूंनी देऊळ इस्त्री करताना ऐकला होता. कासव पाहणारं कुणी नव्हतं, पण त्यातला समुद्र फार सुंदर आहे यावर एकमत होतं. कोर्ट थिएटरात का नाही पाहिला, तर म्हणे, पुरस्कार मिळालाय ना, म्हणजे जड असणार. हे या पदकांचं खरं कार्य. पदक मिळालं की सिनेमाबद्दल अभिमान बाळगता येतो आणि तो पाहायची जबाबदारी संपते. श्वास ऑस्करसाठी पाठवला गेला तेव्हा त्याच्या प्रचारासाठी महाराष्ट्राने वर्गणी काढली. शाळकरी पोरांनी पणत्या विकल्या. तितक्याच तडफेने पुढच्या मराठी सिनेमाचं तिकीट काढायला मात्र कुणी पोरांना सांगितलं नाही, त्यांच्या आईबापांनाही नाही.

आणि काढायचं म्हटलं तरी कधी काढणार? २०१५च्या एप्रिलमध्ये फर्मान निघालं की मल्टिप्लेक्सनी मराठी सिनेमाला संध्याकाळी सहा ते नऊची वेळ द्यावी. वरच्या मजल्यावरून आरडाओरडा झाला, आणि प्राइम टाइम ऐसपैस होऊन दुपारी बारा ते रात्री नऊ झाला. दुपारी बाराला कोण मोकळं असतं? निवृत्त, बेकार आणि आमची समिती. कोर्ट त्याच महिन्यात लागला होता. जीटीबी नगरहून सकाळची हार्बर पकडून कामावर जाणाऱ्याने तो कुठल्या जन्मी पाहायचा होता? मग तोच माणूस दहा वर्षांनी यादी वाचतो आणि आपल्याला सिनेमा कळत नाही असं समजून गप्प बसतो. त्याला कळला असता. त्याला दाखवलाच नाही.

पदकांवरून मोठेपण ठरवायचंच, तर शोलेचं काय करणार? १९७५ सालचा तो सिनेमा मिनर्व्हात पाच वर्षं चालला. फिल्मफेअरची नामांकनं नऊ, हाती पुरस्कार एक. तो संकलनाचा, म्हणजे सिनेमातून जे कापून टाकलं त्याचा. संत तुकाराम १९३६ साली लागला, गिरगावच्या सेंट्रलमध्ये वर्षाहून जास्त चालला, आणि पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. तुकाराम थिएटरात बघायला माणसं आधी आली, व्हेनिसचा कागद नंतर आला. आमच्या गावाच्या नावाची कोळंबी घ्या. ती इथल्या पंजाब्यांनी पहिल्यांदा तळली असं सांगतात. कुठल्या समितीने तिला पदक दिलं? खाणाऱ्यांनी बोटं चाटली आणि नाव लांबवर गेलं.

समितीला हे पटलेलं नाही. पुढच्या महिन्यात ऑस्करला गेलेल्या मराठी सिनेमांची तुलना आहे: श्वास, हरिश्चंद्राची फॅक्टरी आणि कोर्ट. तिन्हींना तिथे अंतिम नामांकन मिळालं नाही, म्हणून त्यासाठी सरसकट सहानुभूतीचे पाच गुण धरले आहेत. हरिश्चंद्राची फॅक्टरीत लोक सतत हसतात, तेव्हा तो आताच बाद झाल्यात जमा आहे. नवं स्टॉपवॉच मागवलं आहे, शतांश सेकंद दाखवणारं. खर्च देखभाल निधीतून.

पापाजींना मी शेवट सांगितला नाही. त्यांनी स्वतःच पुन्हा पाहायचं ठरवलं आहे, नातवाला घेऊन, घरी.

तुमच्याकडून इतकंच हवं आहे. येत्या शुक्रवारी एखादा मराठी सिनेमा लागला आणि त्याला अजून एकही पदक मिळालेलं नसलं, तर पहिल्या तीन दिवसांत जा. सोमवारी त्याचा खेळ सकाळी सव्वानऊला असतो आणि गुरुवारी नसतो.