६४ सेंटिमीटरची मांडी

आपल्याला मांडी आहे हे माणसाला आठवतं ते पंगतीपुरतं. ती घालायची आणि जेवायचं. तिची लांबी किती, हे तर शिंपीही विचारत नाही. भारतीय हवाई दल मात्र विचारतं. वैमानिक व्हायचं असेल तर मांडी ६४ सेंटिमीटरपेक्षा लांब नको. पाय ९९ ते १२० सेंटिमीटरमध्ये बसायला हवा आणि बसल्यावरची उंची ८१.५ ते ९६ मध्ये. लेकाची उंची वाढावी म्हणून ज्या माउलीने त्याला दाराच्या चौकटीला लोंबकळायला लावलं, तिला हे कसं समजवायचं? पोरगं जास्त वाढलं म्हणूनही परत येऊ शकतं!

बरं, ही मोजमापं होतात ती सगळं जिंकून झाल्यावर. आधी लेखी परीक्षा. मग पाच दिवसांची एसएसबी, म्हणजे निवड मंडळाची परीक्षा, जिथे गोष्टी लिहून घेतात, दोरावरून लोंबकळवतात आणि मुलाखतीत आठवीतल्या गणिताच्या गुणांपर्यंत मागे नेतात. त्यातच वैमानिकाची कुवत जोखणारी संगणकावरची चाचणी, जी जन्मात एकदाच देता येते. एवढ्यातून मुलगा ‘रेकमेंड’ होतो आणि घरी फोन करतो. आई देवापुढे साखर ठेवते. वडील सोसायटीच्या ग्रुपवर लिहायला घेतात, तेवढ्यात तिकडून आवाज येतो, “बाबा, थांबा जरा. अजून मेडिकल आहे.”

“त्यात काय? धडधाकट तर आहेस!”

धडधाकट असण्याची आपली व्याख्या तशी उदार आहे. दोन भाकऱ्या रिचवतो, पावसात भिजला तरी शिंकत नाही, गणपतीत ढोल वाजवतो, म्हणजे तब्येत उत्तम. दिल्लीच्या किंवा बंगळुरूच्या हवाई दलाच्या वैद्यकीय संस्थेत मात्र भाकऱ्या मोजत नाहीत. तिथे पहिल्यांदा कळतं की आपण एकसंध माणूस नसून असंख्य सुट्या भागांची यादी आहोत, आणि प्रत्येक भागासमोर एक चौकट रिकामी आहे.

दातांचंच घ्या. बैलबाजारात शेतकरी आधी जबडा उघडून बघतो, दोनदाती आहे की चारदाती. इथेही दातांना गुण आहेत. पुढच्या दाताला एक, मागच्या दाढेला दोन, असे मिळून किमान १४ गुण भरावे लागतात. लेखी परीक्षेत पाव गुणासाठी झगडलेल्या पोराला बहुधा इथेच पहिल्यांदा काही न करता गुण मिळतात. मग कान. ६१० सेंटिमीटरवरून, पाठीमागून डॉक्टर कुजबुजतात आणि ते ऐकू यावं लागतं. शेजारच्या खोलीतून आईने चारदा मारलेली हाक ज्याला सतरा वर्षं ऐकू आली नाही, तो इथे जिवाचा कान करून उभा असतो. त्यातून कानात मळ निघाला तर ‘टीआर’, म्हणजे तात्पुरती नापसंती. साफ करून पुन्हा या.

पुढे पाय जुळवून उभं राहायचं. गुडघे एकमेकांना टेकले तर घोट्यांमध्ये अंतर किती राहतं ते बघतात. मग टाचा उचलायच्या, तळव्याची कमान उमटते का ते बघतात. मग अंगावरचे कपडे जवळजवळ सगळेच उतरवून डॉक्टर सांगतील तेव्हा खोकून दाखवायचं. हा खोकला कशासाठी, हे घरी फोनवर कुणी विचारू नये आणि मुलानेही सांगू नये.

सगळ्यात चकवणारी परीक्षा रंगांची. शिनोबू इशिहारा या जपानी लष्करातल्या नेत्रवैद्याने १९१७ साली ठिपक्यांची ती प्रसिद्ध चित्रं छापली. रंगीत ठिपक्यांच्या गर्दीत आकडा लपलेला असतो. तो बहुतेकांना दिसतो, काहींना नाही. ज्याला दिसत नाही त्याला तोवर पत्ताही नसतो. मंडईत तो टोमॅटो चाचपून निवडत आला, सिग्नलला वरचा दिवा लागला की थांबत आला. दोष कुणाच्या घराण्यातून आला, हा घरोघरचा वाद इथे जनुकशास्त्रानेच मिटवलाय. लाल-हिरव्याचं हे रंगांधत्व एक्स गुणसूत्रावरून येतं, म्हणजे मुलाला ते मिळतं आईकडून, जिला स्वतःला बहुधा सगळे रंग लख्ख दिसत असतात. वडिलांकडची आजी घरात असेल तर ही माहिती तिच्यापर्यंत पोचू देऊ नये.

हसून झालं की लक्षात येतं, यात लहरीपणा काहीच नाही. संकटात विमान सोडायची वेळ आली की वैमानिकाची खुर्ची खालच्या रॉकेटसकट आकाशात उडते. त्या क्षणी गुडघे पुढच्या फळीवर आपटायला नकोत, म्हणून मांडीची लांबी. पाठीच्या कण्यावर शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार येतो, म्हणून कण्याचा एक्स-रे. विमान झपकन खाली येताना हवेचा दाब बदलतो, तेव्हा चोंदलेलं नाक आणि बंद कान जीवघेणे दुखतात, म्हणून नाकाचं वाकडं हाड बघायचं. डॉक्टर जमिनीवर उभ्या मुलाला तपासत असतात, पण त्यांच्या डोळ्यांसमोर तो दहा हजार मीटरवर असतो. ही मापं माणसाची नाहीतच. ती खुर्चीची आहेत.

तरी डॉक्टरांचा शब्द शेवटचा असतोच असंही नाही. पहिल्या महायुद्धात कोलकात्याचा इंद्रलाल रॉय हा लंडनला शिकणारा मुलगा ब्रिटिशांच्या रॉयल फ्लाइंग कोअरकडे गेला, तर नजर कमजोर म्हणून त्याला परत पाठवलं. पठ्ठ्याने मोटारसायकल विकली, त्या पैशांत एका नामांकित नेत्रतज्ज्ञाला डोळे दाखवले आणि निकाल फिरवून आणला. पुढे अपघात झाला, पुन्हा अनफिट ठरला, पुन्हा उडाला. जुलै १९१८मध्ये दोन आठवड्यांच्या आत त्याच्या नावावर दहा हवाई विजय लागले आणि त्याच महिन्याच्या २२ तारखेला तो लढाईत गेला. वय अवघं १९. आजही नापसंती आली तर वरच्या वैद्यकीय मंडळाकडे अपील करता येतं. फक्त मोटारसायकल विकावी लागत नाही.

पण सगळ्यांचा निकाल फिरत नाही. मांडी कापून घेता येत नाही आणि इशिहाराचा आकडा पाठ करून रंग दिसायला लागत नाहीत. असा मुलगा घरी येतो तेव्हा शेजारचे काका हळूच विचारतात, “काही खोट निघाली का?” खोट नव्हे हो. दुसऱ्या कुणासाठी बेतलेल्या खुर्चीत तो बसला नाही, एवढंच. वैमानिक होता आलं नाही तरी जमिनीवरच्या शाखांचे निकष वेगळे आहेत, आणि ते दारही बंद झालं तरी बाहेर जग आहे.

म्हणून घरात विमानवेडं मूल असेल तर पालकांना एकच सांगणं. क्लासची फी भरण्याआधी त्याला एकदा डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या. नंबर बघा आणि रंगांची चित्रं दाखवा. पाच-दहा मिनिटांचं काम आहे. दहावीत कळलं तर मूल दोन दिवस रुसेल. रेकमेंड झाल्यावर कळलं तर अख्खं घर वर्षभर रुसतं.