द्यायला तिघे, घ्यायला एकटा

अमेरिकेची राज्यघटना लिहिणाऱ्यांनी १७८७ मध्ये कामाची चोख वाटणी केली. कायदा करणारा एक, राबवणारा दुसरा, निवाडा देणारा तिसरा. तिघांनी एकमेकांवर डोळा ठेवायचा, म्हणजे नागरिक निर्धास्त झोपेल. आपण शाळेत हा धडा घोकला, मार्क मिळवले आणि विसरलो.

बाजारकुणंगच्या कुणब्याला मात्र तो प्रात्यक्षिकासह शिकावा लागतो.

बाजारकुणंग उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या जोयडा तालुक्यात आहे. तालुक्याची हद्द ओलांडली की गोव्याचा सांगे. अलीकडे कुणबी, पलीकडेही कुणबी. पलीकडचा २००३ पासून अनुसूचित जमातीच्या यादीत. अलीकडचा अजून रांगेत.

लेक सांग्यात दिली तर नातू आदिवासी, आजोबा नाहीत! जमात रक्तातून येते असा आपला समज होता. इथे ती हद्दीच्या दगडावरून ठरते.

बरं, राज्याराज्यांचे कायदे वेगळे असतील, असं म्हणावं तर तीही सोय नाही. कायदा एकच. २००३ मध्ये अमलात आलेल्या त्याच दुरुस्तीने गोव्याचे कुणबी, गावडा, वेळीप यादीत घेतले आणि त्याच दुरुस्तीने उत्तर कन्नडचे सिद्दीही घेतले. सिद्दींना मिळालं ते योग्यच. पण याचा अर्थ एवढाच की संसदेला कुणबी ठाऊक होता, उत्तर कन्नडही ठाऊक होतं.

उत्तर कन्नडचा कुणबी तेवढा ठाऊक नव्हता.

मग दाद मागायची कुणाकडे? राज्य सरकार म्हणतं, आम्ही फक्त शिफारस करतो. केंद्र म्हणतं, आधी भारताच्या महानिबंधकांना विचारू, मग राष्ट्रीय अनुसूचित जमाती आयोगाला. त्यातून सुटलं तर मंत्रिमंडळ, मग संसद, शेवटी राष्ट्रपती. कोर्टात जावं? नोव्हेंबर २००० मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने महाराष्ट्रातल्या हलबा-कोष्टी वादात बजावून ठेवलंय की यादी जशी आहे तशीच वाचायची. तिच्यात भर घालणं किंवा काटछाट करणं हे काम संसदेचं, कोर्टाचं नव्हे.

बघा, कुणी कुणाच्या अधिकारात ढवळाढवळ करत नाही. सत्तेची विभागणी कशी अगदी सोवळ्यात पाळली जाते!

आता हक्क काढून घेण्याचं प्रकरण पाहू. रानात गेलेल्याच्या हातातली कोयती जप्त करायची आहे. गुन्हा नोंदवणार वनखातं. कोयती ठेवून घेणार वनखातं. तडजोडीची रक्कम किती, तेही ठरवणार वनखातं. कायद्यानेच तशी मुभा दिलेली आहे. कुठला महानिबंधक, कुठला आयोग आणि कुठलं घटनापीठ? एक टेबल, एक खुर्ची, एक शिक्का.

तीन खांब लागतात ते द्यायला. घ्यायला एक गार्ड पुरतो.

यादीत नाव नसल्याने बिघडतं काय, असं शहरातला सुशिक्षित विचारील. २००६ चा वनहक्क कायदा काढून बघा. आदिवासी असाल तर जमीन १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून कसताय, एवढं दाखवलं की पुरे. नसाल तर त्या तारखेआधीच्या तीन पिढ्या दाखवा. पिढी २५ वर्षांची. म्हणजे १९३० चा पुरावा आणा.

१९३० मध्ये इथे राज्य कुणाचं होतं? इंग्रजांचं. हा जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात. कुमरी म्हणजे फिरत्या शेतीवर निर्बंध घालून कुणब्याला त्याच्याच रानात उपरा ठरवलं ते याच साहेबाने. आता त्याच्याच दप्तरातून रहिवासाचा दाखला काढायचा. चोर ठरवणाऱ्याकडूनच चारित्र्याचं प्रमाणपत्र!

नियम तसे उदार आहेत. गावातल्या म्हाताऱ्यांची जबानी चालते. जुनी विहीर, दफनभूमी, देवस्थान हेही पुरावे म्हणून चालतात. कागदावर सगळं चालतं. टेबलापलीकडून प्रश्न येतो: कागद कुठाय?

दरम्यान जोयड्यात कंदमूळ मेळा भरतो. मुडली, कणगी असे कंद मांडले जातात, पाहुणे हातात धरून फोटो काढतात. कंद अस्सल इथला, यावर सगळ्यांचं एकमत. तो खणणाऱ्याबद्दल अजून खात्री व्हायची आहे.

कोर्टाकडे डोळे लावून बसणाऱ्यांनी १३ फेब्रुवारी २०१९ आठवावा. ज्यांचे वनहक्काचे दावे फेटाळले गेले त्यांना रानाबाहेर काढा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना दिला. देशभर ओरड झाली, मग केंद्र सरकार कोर्टाकडे धावलं आणि २८ तारखेला आदेश स्थगित झाला. पंधरा दिवसांत घर गेलं आणि परत आलं. याला नियंत्रण आणि संतुलन म्हणतात. ज्याचं घर होतं त्याचं संतुलन विचारू नका.

आणि ज्यांनी हा धडा जगाला शिकवला, त्यांच्याकडे काय झालं? १८३० मध्ये अमेरिकी काँग्रेसने मूळ रहिवाशांना मिसिसिपीपलीकडे हलवण्याचा कायदा केला. १८३२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की चेरोकींच्या मुलखात जॉर्जिया राज्याचे कायदे चालणार नाहीत. अध्यक्ष जॅक्सन ढिम्म. १८३८ मध्ये सैन्य आलं आणि चेरोकींना पायी हाकललं. वाटेत हजारो मेले.

मेले ते खटला जिंकलेले लोक होते.

म्हणून पलीकडच्या कुणब्याचाही फार हेवा नको. तो २००३ मध्ये यादीत आला. २०२२ च्या गोवा विधानसभा निवडणुकीत ४० पैकी किती जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव होत्या? शून्य. एकोणीस वर्षांत यादीतून सभागृहापर्यंतचा रस्ता काही झाला नाही.

गंमत वाघाची आहे. जोयड्याच्या बाजूला त्याच्यासाठी २००७ पासून व्याघ्र प्रकल्प आहे. २०१५ मध्ये प्रकल्पाचं नाव बदलून काळी ठेवलं. वाघ हद्द ओलांडून गोव्यात गेला की त्याचा प्रकल्प संपतो. तिथे म्हादईचा व्याघ्र प्रकल्प तीन महिन्यांत जाहीर करा, असं उच्च न्यायालयाने जुलै २०२३ मध्ये सांगितलं. गोवा सरकारने सर्वोच्च न्यायालय गाठलं.

थोडक्यात, कुणब्याने गोव्यात जन्मावं आणि वाघाने जोयड्यात.

राहता राहिला एक भाबडा प्रश्न. यादी इतकी अवघड असेल तर ती कधी उघडतच नसेल? उघडते की. कर्नाटकाची यादी २००३ मध्ये उघडली, २०२० मध्ये उघडली, २०२२ मध्येही संसदेत तिच्या दुरुस्तीला मंजुरी मिळाली. तेव्हा महानिबंधकही होते, आयोगही होता, यादीबद्दलचं घटनेचं कलम ३४२ही जागेवरच होतं. अडलं नाही काहीच.

मग जोयड्याचंच का अडतं? २०११ च्या जनगणनेत अख्ख्या तालुक्याची माणसं साधारण ५२ हजार. त्यांना स्वतःचा आमदारसुद्धा नाही. हल्याळच्या मतदारसंघात ती शेपटासारखी जोडलेली. एवढ्याशा मतांसाठी संसदेत विधेयक कोण मांडणार?

घटनेने तीन सत्ता वेगळ्या केल्या, छान केलं. मतांची बेरीज मात्र तिन्हींच्या आधी होते, आणि तिच्यावर कुणाचंच नियंत्रण नाही.