सेंट कॅथरीनच्या दारात अधांतरी

आपल्याकडे व्हीलचेअर चालत नाही, ती उचलली जाते. नाट्यगृह असो, लग्नाचा हॉल असो, नाहीतर कचेरीचा दुसरा मजला, मी दिसले की आसपासचे दोन-चार गृहस्थ बाह्या सरसावतात. “रॅम्प कुठे आहे?” असं विचारलं, तर “रॅम्प कशाला? आम्ही आहोत की!” असं उत्तर येतं. या ‘आम्ही आहोत की’वर देशातल्या निम्म्या इमारती उभ्या आहेत.

मी कोल्हापूरला मराठी शिकवते. पोलिओ लहानपणीच होऊन गेला, त्यामुळे वर्गात मी बसलेली असते आणि मुलं उभी राहतात. या व्यवस्थेबद्दल तक्रार असलीच तर मुलांची आहे. नाताळच्या सुट्टीत गोव्याला जायचं दादानं ठरवलं. दादानं जन्मभर धरणांवर नोकरी केली, त्यामुळे एखादी गोष्ट अडवायची कशी हे त्याला उत्तम कळतं. त्यानं सहलीचा तक्ता केला, त्यात माझ्यासाठी वेगळा रकाना होता आणि त्यावर ‘हाताळणी’ असं लिहिलेलं होतं. वहिनी म्हणाल्या, “वन्सं, मनावर घेऊ नका. माझ्या रकान्यावर ‘डबे’ लिहिलंय.”

आंबोली घाटात धुकं होतं. पुढची गाडी दिसत नव्हती, तर दरी कुठून दिसणार? घाटाचं वर्णन संपलं.

जुन्या गोव्यात मला बघायचं होतं ते से कॅथेड्रल. बहुतेक लोक येतात ते रस्त्यापलीकडच्या बॉम जेझस चर्चमध्ये, सेंट फ्रान्सिस झेवियर यांच्या देहाच्या दर्शनाला. आम्हीही आधी तिथे जाऊन आलो. या संतांशी माझी तारीख जुळते. त्यांचा मृत्यू ३ डिसेंबर १५५२ चा, त्यामुळे त्यांचा सण ३ डिसेंबरला असतो, आणि नेमका तोच जागतिक अपंग दिन. त्या दिवशी दर वर्षी मला एक गुलाबाचं फूल मिळतं आणि माझ्या जिद्दीवर भाषण ऐकावं लागतं. भाषण स्टेजवर होतं. स्टेजला पायऱ्या असतात, म्हणून माझी जिद्द खाली बसून ऐकते. झेवियर यांचा उजवा हात १६१४ साली रोमला नेला, तो अजून तिथेच आहे. उरलेलं शरीर साधारण दर दहा वर्षांनी मिरवणुकीनं से कॅथेड्रलमध्ये दर्शनासाठी नेतात. एवढ्या मोठ्या संतालाही दशकातून एकदाच उचलतात, मला मात्र लोक रोज उचलायला तयार असतात.

आता कॅथेड्रलकडे वळू. कॅथेड्रलच्या पुढे हिरवळ आहे, मग पायऱ्या आणि मग दार. पायऱ्या काही फार नाहीत. ‘फार नाहीत’ हे चालणाऱ्यांचं मोजमाप झालं. खुर्चीवरच्या माणसाला एक पायरी आणि रायगड यांत तत्त्वतः फरक नसतो. दादा पुढे जाऊन पाहणी करून आला आणि म्हणाला, “दोन फळ्या मिळाल्या तर काम होईल.” मी त्याला सांगितलं, एक फूट चढायचं तर बारा फूट लांबीचा उतार लागतो, तुझ्या दोन फळ्यांवरून मी थेट मांडवीत जाईन. त्यानं ते तक्त्यात लिहून घेतलं.

मी जवळून जाणाऱ्या एका माणसाकडे बघून म्हणाले, “जरा ऐकता का, इथे रॅम्प...” वाक्य पुरं व्हायच्या आत चार जणांनी ते उचललं, माझ्यासकट.

एक दादा. दुसरा बेळगावकडच्या सहलीतला मिशाळ, धिप्पाड गृहस्थ. तिसरा गॉगलवाला कॉलेजकुमार. चौथे पांढऱ्या शर्टातले स्थानिक काका, जे बहुधा प्रार्थनेला आले होते आणि या भानगडीत सापडले. पाचवा एक जण होता, पण तो मोबाइलवर चित्रण करत होता आणि मला “ताई, हसा” म्हणत होता.

आता यात एक शास्त्र आहे. पायऱ्या चढवताना खुर्चीची पाठ दाराकडे करायची, ती मागे कलती करायची आणि मोठी चाकं एकेका पायरीवर टेकवत वर ओढायची. मागून एकानं मुठी धरायच्या, पुढून दुसऱ्यानं खालची चौकट. दोन माणसं पुरतात. हे भाषण मला तोंडपाठ आहे. पण खुर्चीत बसलेल्या माणसाचं तोंड हा खुर्चीचाच एक सुटा भाग आहे, अशी लोकांची समजूत असते. मिशाळ गृहस्थांनी माझ्या डोक्यावरून दादाला विचारलं, “ताईंना झेपेल ना वरचं?” गॉगलवाल्यानं वहिनींना विचारलं, “यांना ऐकू येतं का?” मग मिशाळ गृहस्थ अंदाज घेत म्हणाले, “वजन किती असेल?”

आणि दादानं सांगितलं.

मोठ्यानं. खुर्चीचं वेगळं, माझं वेगळं आणि मग बेरीज. आकडा इथे छापणार नाही. वहिनींनीही तो पहिल्यांदाच ऐकला. त्यांनी सभ्यपणे हिरवळीकडे पाहिलं. तेवढ्यात काका “सवकास, सवकास” म्हणत होते, बेळगावकर “एक, दोन...” म्हणत होते आणि गॉगलवाल्यानं ‘दोन’लाच जोर लावला. त्यानं धरला होता खुर्चीचा हात. खुर्चीचा हात काढता-घालता येतो, पलंगावर सरकायला सोपं जावं म्हणून. तो खटकन निघाला.

त्यापुढची काही क्षणांची हकीकत अशी: हात घेऊन कॉलेजकुमार दोन पायऱ्या वर गेला. त्याच्या बाजूनं मी खाली आले. पाय ठेवायची पट्टी गर्रकन बाहेर वळली, डाव्या पायातली चप्पल सुटून एका काकूंच्या पिशवीत पडली, ओढणी चाकात गेली आणि वहिनींच्या तोंडून “अंबाबाई!” निघालं. सतराव्या शतकापासून त्या दारात अनेक देवांचा धावा झाला असेल. कोल्हापूरच्या अंबाबाईचा नंबर बहुधा त्या दिवशी लागला. बेळगावकरांनी खालून खांदा दिला आणि सगळी मिरवणूक मधल्याच पायरीवर थांबली. मोठी चाकं वरच्या पायरीवर, छोटी चाकं हवेत आणि मी पाठीवर कललेली, पाय आकाशाकडे. कॉलेजकुमार परत आला आणि फार अदबीनं म्हणाला, “मॅडम, हे तुमचं.” मी तो हात मांडीवर घेतला.

त्या अवस्थेत मान मागे गेली आणि कॅथेड्रल मला पहिल्यांदा दिसलं, ते उलटं. पांढरीशुभ्र भिंत, वर गेलेला मनोरा आणि दुसऱ्या बाजूला नुसतं आभाळ. मनोरे मुळात दोन होते. त्यांतला एक १७७६ साली कोसळला आणि पुन्हा कधी बांधलाच नाही. उरलेल्या मनोऱ्यात प्रसिद्ध ‘सोन्याची घंटा’ आहे, गोव्यातली सगळ्यात मोठी. ही इमारत एक बाजू गमावून अडीचशे वर्षं उभी आहे. युनेस्कोनं १९८६ मध्ये जुन्या गोव्यातल्या चर्चेसना जागतिक वारसा ठरवलं, त्यांत ही आहे. हिच्यासमोर उभं राहून “अरेरे, बिच्चारी! जन्मापासूनच का?” असं विचारलेलं मी ऐकलं नाही. लोक मागे सरकतात, कॅमेरा आडवा करतात आणि ‘वा’ म्हणतात.

वारशाच्या वास्तूला हात लावायचा नाही, हे मला अगदी पटतं. मग मलाच का लावता? परक्या पुरुषांचे हात काखेत, गुडघ्याखाली, कधी आणखी कुठे. हेतू चांगला असतो, म्हणून आपण ओरडायचंही नाही, वर ‘थँक यू’ म्हणायचं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सार्वजनिक इमारती सुगम करायला पाच वर्षांची मुदत होती. नियम २०१७ ला आले आणि मुदत २०२२ ला संपली. जुन्या दगडात एकही खिळा न ठोकता ठेवता-काढता येणारे रॅम्प जगभर मिळतात. ते जड असतात हे मान्य. पण त्यांचं वजन कोणी चारचौघांत विचारत नाही.

शेवटी पोचलो वर. दारात दादा खाली वाकला. त्यानं चप्पल शोधून आणली होती. इतका वेळ सगळ्यांना हुकूम सोडणारा माणूस अवाक्षर न बोलता माझा पाय हातात घेऊन बसला, टाच आधी टेकवली, मग बोटं, आणि पट्टा एक भोक सोडून लावला, कारण डावा पाय बारीक आहे. आई असाच लावायची. शाळेत मला तो सायकलच्या कॅरिअरवर बसवून न्यायचा, तेव्हाही उतरवण्याआधी असाच खाली बसायचा. मला काहीतरी बोलायचं होतं, पण तेवढ्यात एका सद्गृहस्थानं माझ्या मांडीवर दहाची नोट ठेवली आणि नमस्कार करून निघून गेला. मांडीवरच्या सुट्या हातामुळे त्याचा गैरसमज झाला असावा. नोट मी आतल्या दानपेटीत टाकली. त्या गृहस्थाला पुण्य लागलंच असेल, तर ते माझ्या मार्फत.

आत गेल्यावर मात्र मी सगळ्यांना सोडलं. शहात्तर मीटर लांबीची वास्तू, सपाट जमीन, वाटेत कुणी नाही! हातांनी चाकं मारत मी अशी सुटले की भाचा “आत्या, ब्रेक!” म्हणत मागून पळाला. पायऱ्यांच्या झटापटीत एका छोट्या चाकानं मार खाल्ला होता. ते कुंई-कुंई करत होतं आणि तिथल्या शांततेत ते फार स्पष्ट ऐकू येत होतं. मी वेग कमी केला नाही.

समोर मुख्य वेदी होती, सोनेरी, छतापर्यंत गेलेली. कॅथेड्रलचं काम १५६२ ला सुरू झालं, मुख्य इमारत १६१९ ला झाली आणि वेद्या पुऱ्या व्हायला १६५२ उजाडलं. म्हणजे दिरंगाई आपण पोर्तुगिजांनंतर शिकलो असं नाही. बांधकाम चालू होतं त्याच काळात, १६१६ साली, साष्टीतल्या राशोलला फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज माणसाचं ‘क्रिस्तपुराण’ छापून झालं. मराठीत सुमारे अकरा हजार ओव्या! माझ्या नववीच्या मुलांना मी हे नेहमी सांगते. त्यांना चार ओळींचं रसग्रहण जड जातं.

पण मी आले होते ते वेदीवरच्या बाईसाठी. कॅथेड्रल अलेक्झांड्रियाच्या सेंट कॅथरीनचं आहे, कारण पोर्तुगिजांच्या अल्बुकर्कनं २५ नोव्हेंबर १५१० ला गोवा घेतलं आणि तो तिचा सण. वेदीवर तिच्या आयुष्यातले प्रसंग कोरले आहेत. कथा अशी की ही हुशार मुलगी सम्राटाच्या पंडितांना वादात हरवते. चिडलेला सम्राट तिला काटेरी चाकावर चढवून मारायचा हुकूम देतो आणि तिचा स्पर्श होताच चाक मोडून पडतं. मग तिचा शिरच्छेद होतो. तेव्हापासून चाक ही तिची खूण. युरोपातल्या चित्रांत ती चाकाला टेकून उभी असते. आमच्या दोघींत तेवढाच फरक, ती उभी असते. तिच्या दारात माझं चाक बिघडलं हे रीतीला धरूनच झालं, आणि मी तिच्यापुढे कुंई-कुंई करत एक फेरी जास्त मारली.

निघायची वेळ झाली. बेळगावकर पुन्हा बाह्या सरसावत आले. कॉलेजकुमारही आला, या वेळी गॉगल खिशात ठेवून. दादानं तक्ता काढला. पण ते पांढऱ्या शर्टातले काका सगळ्यांच्या आधी माझ्यासमोर येऊन किंचित वाकले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, “बाय, कशें धरूं?”

दिवसभरात मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी सांगितलं, मागे दादा मुठी धरेल, पुढे तुम्ही खालची चौकट धरा, हात नको, पट्टी नको. दोघांनी मिळून मला खाली उतरवलं. अंबाबाईला त्रास द्यावा लागला नाही, चप्पल पायातच राहिली. बेळगावकरांना काही करायला उरलं नव्हतं म्हणून त्यांनी सगळ्यांना उसाचा रस पाजला. छोटं चाक म्हापशाच्या एका सायकलवाल्यानं बसवून दिलं आणि पैसे घेतले नाहीत. उलट मलाच विचारलं, यात बेअरिंग कुठलं घालतात?

तेव्हा वाचकहो, जुन्या गोव्याला जा, से कॅथेड्रल बघा, एक मनोरा नाही म्हणून हळहळू नका. पायऱ्यांपाशी माझ्यासारखी कोणी दिसली तर मदत जरूर करा, पण खुर्चीचे हात धरू नका, ते निघतात. आधी तिला विचारा. वजन सोडून काहीही विचारा.