हजार वस्तीचं गाव आणि 75 गुण

एका गावात दोन क्लब असले तर लवकरच त्यांचे चार होतात, हा आपल्याकडचा अनुभव. कधी वर्गणीवरून, कधी अध्यक्षपदावरून, तर कधी आलेल्या पाहुण्याला हार कोणी घालायचा एवढ्यावरून. स्वीडनच्या दक्षिण किनाऱ्यावर, लिस्टर नावाच्या भूभागावर मात्र उलटं घडलं. लिस्टर्स आणि म्येल्बी हे दोन शेजारी फुटबॉल क्लब 1939 मध्ये एक झाले आणि म्येल्बी एआयएफ या नावाने खेळू लागले. एकत्र येण्याची तारीख होती 1 एप्रिल. स्वीडनमधल्या मोठ्या क्लबांनी ही तारीख फारच मनावर घेतली असावी. कारण या मंडळींना गंभीरपणे घ्यायला हवं, हे त्यांच्या ध्यानात यायला पुढची 86 वर्षं गेली.

गंभीरपणे घ्यावं असं तिथे होतं तरी काय? क्लबाचं मैदान स्ट्रांडवालेन हे हेल्लेविक या मच्छीमार गावात, बाल्टिक समुद्राला लागून. गावाची वस्ती हजाराच्या आसपास. ज्या म्येल्बीचं नाव क्लबाला मिळालं तेही शेजारचं असंच एक खेडं. आसपास शेती, मासेमारी आणि फरसाठी पाळलेल्या मिंक या मुंगसाएवढ्या प्राण्याचे फार्म. तालुक्याचं गाव सोल्वेसबोर्ग. तालुक्याची कीर्ती फुटबॉलपेक्षा दर जूनमध्ये भरणाऱ्या रॉक संगीताच्या जत्रेमुळे जास्त. त्या चार दिवसांत गिटारच्या आवाजाने अख्खा मुलूख हादरतो आणि मग पुढच्या जूनपर्यंत शांतता.

मैदानात सहा हजारांहून जास्त लोक मावतात. म्हणजे हेल्लेविकमधली म्हातारी माणसं, तान्ही मुलं, पाव भाजणारे आणि मासे विकणारे असे सगळे झाडून सामन्याला आले, तरी सहांतल्या पाच जागा रिकाम्याच राहायच्या. त्या भरतात त्या आसपासच्या गावांमुळे. भूभागावरच्या सगळ्या खेड्यांना आपला म्हणावा असा हा एकच संघ.

स्वीडनच्या सर्वोच्च लीगचं नाव आल्स्वेन्स्कान. सोळा संघ, तीस सामने, वसंतात सुरू होऊन थंडीच्या तोंडावर संपणारा हंगाम. म्येल्बीला तिथे पहिल्यांदा पाऊल ठेवता आलं ते 1980 मध्ये. त्याच वर्षी खाली उतरावं लागलं. 1983 मध्ये पुन्हा वर आले आणि त्याच वर्षी पुन्हा खाली गेले. 1985 मध्ये तिसऱ्यांदा आले. निकाल तोच. सहा वर्षांत तीनदा येणं आणि तीनदा जाणं, तेही एकदासुद्धा दुसऱ्या हंगामापर्यंत न थांबता. चहाला येऊन जेवणाच्या आधी उठणारा पाहुणा परवडतो, पण यांचा तर कपही भरायच्या आत निरोप होत होता. त्यानंतर 24 हंगाम हे घर पुन्हा दिसलंच नाही.

मधल्या काळात क्लबाने गावाला शोभेल असा एक उद्योग केला: मुलं वाढवली आणि बाहेर पाठवली. क्रिस्तियान विल्हेल्मसॉन इथून निघाला तो नॉर्वे, बेल्जियम, फ्रान्स, इटली आणि अमेरिकेतल्या क्लबांकडून खेळला. 2006 च्या विश्वचषकात तो स्वीडनच्या संघात होता. गोलरक्षक मातियास आस्पर स्पेनच्या रिअल सोसिएदादपर्यंत पोचला आणि उमेदीची वर्षं सरल्यावर पुन्हा म्येल्बीच्या गोलपोस्टमध्ये येऊन उभा राहिला. नोकरीसाठी शहरात गेलेला मुलगा निवृत्तीनंतर गावच्या देवळाचा विश्वस्त होतो, तसलाच हा प्रकार. फरक इतकाच की, विश्वस्ताला चेंडूवर झेप घ्यावी लागत नाही.

2010 मध्ये संघ चौथ्यांदा वरच्या लीगमध्ये आला आणि चक्क सहावा आला. गावाला वाटलं, आता जमलं. पाच हंगाम जमलंही. मग 2014 मध्ये घसरण सुरू झाली आणि ती एका पायरीवर थांबली नाही. 2015 मध्ये संघ दुसऱ्या श्रेणीतूनही उतरला आणि थेट तिसऱ्या श्रेणीत जाऊन पडला. 2016 मध्ये तर चौथ्या श्रेणीचं दार दिसू लागलं. तिजोरीत खडखडाट होता आणि क्लब दिवाळखोरीच्या काठावर उभा होता. हंगामाच्या अगदी शेवटाला संघ कसाबसा वाचला.

एखादा अरब शेख किंवा अमेरिकन फंड येऊन सगळं विकत घेईल, अशी आशा अशा वेळी कुठल्याही क्लबाच्या सभासदांना वाटू शकते. स्वीडनमध्ये ती सोय नाही. तिथल्या नियमाप्रमाणे क्लबातली बहुसंख्य मतं सभासदांकडेच राहिली पाहिजेत. म्हणजे कोणी कितीही पैसा ओतला तरी शेवटचा शब्द वार्षिक सभेचा. आता वार्षिक सभा म्हणजे काय असते, ते आपल्याला वेगळं सांगायला नको. मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे, जमाखर्चाला मंजुरी देणे आणि आयत्या वेळचे विषय. तिजोरी भरायला बाहेरून कोणी येणार नव्हतं, तेव्हा खड्ड्यातून बाहेर येण्याचा मार्ग याच सभेतून जाणार होता.

मार्ग सापडला तो अगदीच नीरस होता. उद्योगाच्या जगातून आलेले मागनुस एमेउस अध्यक्ष झाले आणि त्यांनी आधी हिशेब सरळ केला. झेपेल तेवढाच खर्च, आसपासच्या भागातले खेळाडू, मोठ्या क्लबांच्या नजरेतून सुटलेली पोरं स्वस्तात घेणं आणि योग्य भाव आला की विकणं. यात वर्तमानपत्राच्या मथळ्याजोगं काहीच नव्हतं. पण 2018 मध्ये संघ तिसऱ्या श्रेणीत पहिला आला आणि 2019 मध्ये दुसऱ्या श्रेणीत. 2020 पासून स्वारी पुन्हा आल्स्वेन्स्कानमध्ये. या वेळी मात्र पाहुणचार लांबला.

प्रशिक्षकाची गोष्ट तर खास गावाकडची. आंडर्श तोर्स्टेनसॉन हे याच भागातले. आधी लष्करात अधिकारी, मग शिक्षक, मग मुख्याध्यापक. संघ अडचणीत आला की क्लबाची माणसं त्यांना हाक मारत. 2021 मध्ये हंगामाच्या मध्यात संघ गटांगळ्या खाऊ लागला, तेव्हाही हाक त्यांनाच गेली. त्यांनी संघ वाचवला आणि जागा दुसऱ्याला मोकळी करून दिली. 2023 मध्ये ते पुन्हा आले आणि या खेपेला राहिले. लाखोंच्या पगाराचे प्रशिक्षक सामना हरला की पंचांवर, गवतावर आणि हवेवर खापर फोडतात. मुख्याध्यापकाला ती चैन परवडत नाही. दहावीचा निकाल कमी लागला म्हणून कोणी वाऱ्याला दोष दिलेला ऐकिवात नाही. आणि वाऱ्याचं म्हणाल, तर स्ट्रांडवालेनला तो समुद्रावरून थेट येतो आणि दोन्ही संघांना सारखाच लागतो.

मुख्याध्यापकांच्या मदतीला 2024 मध्ये एक डॉक्टर आले. औषधं देणारे नव्हेत, पीएचडीवाले. नॉर्वेच्या कार्ल मारिउस आक्सुम यांच्या संशोधनाचा विषय होता खेळाडूंची नजर. खेळाडू मैदानावर नेमकं काय बघतात, हे तपासायला त्यांनी डोळ्यांची हालचाल टिपणारे चष्मे खेळाडूंच्या नाकावर चढवून त्यांना अकरा विरुद्ध अकरा असा खराखुरा सामना खेळायला लावला होता. यामागचा विचार साधा आहे. चेंडू पायाशी आल्यावर कुठे द्यायचा याचा विचार सुरू केला तर उशीर झालेला असतो, तोवर समोरचा अंगावर आलेला असतो. म्हणून चेंडू वाटेत असतानाच मान वळवून घ्यायची: डावीकडे कोण, उजवीकडे कोण, पाठीमागे कोण टपलंय. नॉर्वेचेच संशोधक गेइर योर्डेट यांनी इंग्लंडमधल्या खेळाडूंच्या माना मोजल्या, तेव्हा चेल्सीचा फ्रँक लॅम्पार्ड सर्वांत जास्त वेळा आजूबाजूला बघतो असं आढळलं होतं.

हजार वस्तीच्या गावात या विद्येचं एवढं कौतुक का व्हावं, हे कळायला कठीण आहे. कोण कोणाच्या घरातून निघालं, कोणाच्या दाराशी कोणाची गाडी उभी आहे, हे मान न थांबवता टिपण्याचं शिक्षण गावात जन्मलेल्या प्रत्येकाला फुकट मिळतं. ते मैदानावर उतरवायला मात्र पीएचडीचा माणूस आणावा लागला.

2025 चा हंगाम सुरू झाला तेव्हा म्येल्बीला विजेतेपदाच्या शर्यतीत धरणारे फार थोडे होते. समोर माल्मो होता, स्वीडनचा सर्वाधिक वेळा विजेता, 1979 मध्ये युरोपियन कपच्या अंतिम सामन्यापर्यंत गेलेला एकमेव स्वीडिश क्लब. त्याच्या खर्चाचे आकडे म्येल्बीच्या कितीतरी पटींनी मोठे. शिवाय राजधानीतले तीन दांडगे संघ होतेच. म्येल्बी जिंकत राहिला. ‘वसंतात असं होतं कधी कधी,’ असं म्हणेपर्यंत उन्हाळा आला. उन्हाळ्यात गोलरक्षक नोएल टॉर्नक्विस्ट इटलीच्या कोमो क्लबाला विकला गेला. पण व्यवहार असा ठरला की, हंगाम संपेपर्यंत तो म्येल्बीकडेच खेळेल. म्हणजे म्हैस विकली, पैसे मोजून घेतले आणि धार मात्र दिवाळीपर्यंत आपणच काढायची. असा सौदा जमवणाऱ्याला आपल्या बाजारात दलालांचे दलाल म्हटलं असतं.

दिवाळीची तारीखही जुळली. 20 ऑक्टोबर 2025 रोजी, आपल्याकडे लक्ष्मीपूजनाची तयारी चालू असताना, म्येल्बीचा सामना गॉथेनबर्गमध्ये तिथल्या आयएफकेशी होता. या आयएफकेने 1982 आणि 1987 मध्ये युएफा कप जिंकलेला. शहराची लोकसंख्या सहा लाखांच्या घरात आणि मैदान एवढं मोठं की, त्यात हेल्लेविकसारखी डझनभर गावं बसावीत. म्येल्बी 2-0 ने जिंकला आणि तीन सामने बाकी असतानाच लीगचा विजेता ठरला. 86 वर्षांतलं हे पहिलं विजेतेपद.

इथे कोणीही थांबला असता. विजेतेपद हातात आल्यावर उरलेले सामने म्हणजे परीक्षा संपल्यावरची शाळा. मुख्याध्यापकांनी तीही भरवली. हंगामाअखेर हिशेब असा झाला: 30 सामने, 23 विजय, 6 बरोबरी, 1 पराभव, 75 गुण. आल्स्वेन्स्कानमधला आधीचा विक्रम माल्मोचा होता, 2010 मधला, 67 गुणांचा. ज्या वर्षी म्येल्बीवाले चौथ्यांदा वर आल्याच्या आणि सहावे आल्याच्या आनंदात होते, नेमकं तेच वर्ष. विजेतेपदामुळे चॅम्पियन्स लीगच्या पात्रता फेरीचं दार उघडलं. बार्सिलोना आणि रिअल माद्रिद ज्या स्पर्धेत खेळतात, तिच्या कागदपत्रांवर एका मच्छीमार गावाचा पत्ता आला.

जाणकारांनी या यशाला परीकथा म्हटलं. परीकथेत एका रात्रीत भोपळ्याची बग्गी होते. इथे नऊ वर्षं लागली आणि त्यातली पहिली काही नुसती उधारी फेडण्यात गेली. तेव्हा तुमच्या गावच्या मंडळाची पुढच्या महिन्यात वार्षिक सभा असेल तर जरूर जा, मागच्या रांगेत बसू नका, आणि खजिनदार जमाखर्च वाचायला उभे राहतील तेव्हा कृपा करून चहाला बाहेर पडू नका.