मागच्या पायाला खो

बर्फाशी माझी ओळख मिरजेच्या रसवंतीवर झाली. गोणपाटात गुंडाळलेली, लाकडाचा भुसा चिकटलेली लादी आणि ती फोडायला एक टोच्या. असल्या वस्तूवर पाय ठेवून माणसं उभी राहतात, घसरतात आणि वर त्याचे पैसेही मोजतात, हे चाळिशी येईपर्यंत माझ्या कानावर आलं नव्हतं. मग कंपनीने ऑस्लोला पाठवलं.

नॉर्वेची माणसं पायात स्की घालूनच जन्माला येतात, असं तीच सांगतात. सोमवारी ऑफिसात पहिला प्रश्न असतो, शनिवार-रविवारी काय केलंस? 'पोहे केले' हे उत्तर तिथे चालत नाही. दोन हिवाळे मी मुकाट साधं स्कीइंग शिकलो. त्यात बुटाची टाच आणि चवडा दोन्ही पट्टीला जखडलेले असतात. पडलो तरी पट्ट्यांसकट एकसंध पडायचो. त्यात एक प्रकारची इभ्रत होती.

ती घालवली मावशींनी. मावशी म्हणजे आमच्या विभागातल्या एकसष्ट वर्षांच्या बाई. तोंडावर मी त्यांना नुसत्या नावाने हाक मारतो, कारण इथे साहेबालाही तशीच मारतात; पण मनातल्या मनात मावशी आणि अहो-जाहो. त्या टेलिमार्क करतात. त्यांचं म्हणणं, टाच बांधली की पाय आपला राहत नाही, दुकानदाराचा होतो.

टेलिमार्कमध्ये बूट फक्त पुढून अडकतो, टाच मोकळी. पंच्याहत्तर मिलिमीटर रुंदीची चोच, तिच्यात खालून घुसणाऱ्या तीन खिळ्या आणि वरून दाबणारी कमान. १९२७ साली निघालेल्या या कमानीचं नाव 'रॉटेफेला', म्हणजे चक्क उंदराचा पिंजरा. माझा पाय त्यात अडकला तेव्हा मला नावाचा अर्थ ठाऊक नव्हता. उंदरालाही नसतो.

वळण कसं घ्यायचं, ते मावशींनी एकदाच करून दाखवलं. उजवीकडे वळायचं तर बाहेरचा, म्हणजे डावा पाय पुढे सरकतो, उजवा मागे राहतो, त्याची टाच उचलली जाते आणि दोन्ही गुडघे वाकून अंग खाली बसतं. विष्णूच्या देवळात समोर हात जोडून, एक गुडघा टेकून बसलेला गरुड पाहिला असेल, तर तुम्ही टेलिमार्क पाहिलं आहे. फरक इतकाच, की गरुड दगडी असतो आणि देऊळ उतारावर नसतं. पुढचं वळण आलं की पायांची अदलाबदल. धड मात्र दरीकडे तोंड करून स्थिर, हात समोर, पंगतीत वरणाचं भांडं घेऊन निघाल्यासारखे.

मी गरुड झालो. फार झालो. पुढच्या गुडघ्यावर सगळं अंग टाकलं, मागचा गुडघा पट्टीपर्यंत नेला आणि डोळे भक्तिभावाने मिटले. मागची पट्टी आपल्या मर्जीने उताराच्या दुसऱ्या अंगाला निघून गेली. ती गेली तसा पायही गेला, कारण उंदीर पिंजऱ्यातच होता. बाजूने चार-पाच वर्षांची हेल्मेटवाली पोरं गेली. त्यातलं एक थांबून, 'दुखलं का?' असं विचारून गेलं. हसलं असतं तर बरं झालं असतं.

जानेवारीभर हेच. मेट्रोच्या एक नंबरच्या गाडीने, पट्ट्या उभ्या धरून, ट्रुवानला जायचं, दिव्यांच्या उजेडात लोटांगणं घालायची आणि ओल्या पॅंटने परत यायचं. घरी आरशासमोर बैठका काढल्या. शंभर झाल्या, मांड्या भरल्या, वळण जागच्या जागी. 'पाय मजबूत कर' हा सल्ला मला देणाऱ्या सर्वांनी तो स्वतःच्या पायांकडे बघून दिला होता.

मग गुन्हेगार शोधावा म्हणून मॉर्गेदालला गेलो. टेलिमार्क प्रांतातलं हे गाव सोन्द्रे नोर्हाइमचं. १८२५ साली जन्मलेला गरीब कूळ. पिळलेल्या फांद्यांची दावी टाचेमागून बांधून त्याने पट्टी पायाला अशी जोडली, की टाच उचलावी तर उचलते आणि उडी मारली तरी पट्टी सुटत नाही. १८६८ साली ख्रिस्तियानियाला, म्हणजे आजच्या ऑस्लोला, तो शर्यतीला आला आणि राजधानीच्या लोकांना वळणं दाखवून जिंकून गेला. तेव्हा त्याचं वय बेचाळीस. माझंही बेचाळीस. तो जवळपास दोनशे किलोमीटर स्कीवरून आला होता असं सांगतात, मी मेट्रोने. पुढे १८८४ साली तो अमेरिकेला गेला आणि आयुष्याची अखेर त्याने नॉर्थ डकोटाच्या माळरानात काढली. जगाला वळायला शिकवून स्वतः सपाटीवर जाऊन बसला, हा मला त्याचा खरा शहाणपणा वाटतो. १९५२ च्या ऑस्लो हिवाळी ऑलिंपिकची ज्योत त्याच्या घरच्या चुलीजवळ पेटवली होती. टेलिमार्क शर्यत मात्र ऑलिंपिकमध्ये आजवर नाही. ज्योत आमची, मांडव दुसऱ्याचा.

खोट सापडली ती मिरजेत. मावशींनी मोबाइलवर माझं चलच्चित्र काढलं होतं, ते मी करमणूक म्हणून आईला पाठवलं. आईने ते तीनदा पाहिलं आणि फोन केला.

"अरे, मागचा पाय कुणाचा आहे?"

"माझाच की."

"मग उसना आणल्यासारखा का ओढतोयस? खो-खोत अशी बसले असते तर सरांनी घरी पाठवलं असतं."

आई शाळेच्या खो-खो संघात होती, हे मला माहीत होतं. ते उपयोगाचं असेल असं वाटलं नव्हतं. तिने सत्तराव्या वर्षी, पलंगाचा कठडा धरून, फोनसमोर पाटीत बसून दाखवलं. एक पाय पुढे, दुसरा जरासा मागे, मागची टाच उचललेली आणि त्या चवड्यावर निम्मं ओझं. फार ऐसपैस नाही, आटोपशीर. "पाठीवर खो पडला की उठायचं असतं ना रे. मागच्या पायात जीव नसेल तर काय, हात धरून उठवायला येणार आहे कुणी?"

हेच मावशी महिनाभर नॉर्वेजियन मिसळलेल्या इंग्रजीत सांगत होत्या. मागच्या पायाच्या चवड्याने पट्टी दाबायची, करंगळीकडची कड बर्फात रुतवायची. पुढचा पाय पुढे फेकायचा नाही, मागचा अंगाखाली ओढून घ्यायचा. आणि अदलाबदल एका झटक्यात उरकायची नाही. एक वळण संपता संपता पाय सरकायला लागले पाहिजेत. मी आधी साधं वळण घेऊन नंतर गुडघा वाकवत होतो, म्हणजे फोटोपुरतं टेलिमार्क.

पुढच्या शनिवारी उताराच्या तोंडाशी उभा राहिलो. सरळ खाली न जाता आधी आडवा गेलो, न वळता नुसते पाय पुढे-मागे बदलत. प्रत्येक वेळी ज्या पायाला मागे जायचं, त्याला मनात म्हटलं, खो. मग पहिलं वळण. मागची पट्टी थरथरली, कुरकुरली आणि चक्क सोबत आली. दोन पट्ट्यांची मिळून एकच लांब पट्टी झाल्यासारखी. दुसऱ्या वळणाला खो जरा मोठ्याने निघाला. चौथ्याला मी ओरडत होतो.

मावशींनी अर्थ विचारला. मी सांगितलं, ऊठ आणि पाठीस लाग. त्यांना फार आवडला. आता त्या वरून माझ्यासाठी ओरडतात, पण त्यांच्या तोंडून तो 'कू' असा निघतो. नॉर्वेजियनमध्ये 'कू' म्हणजे गाय. एकसष्ट वर्षांच्या बाई भर डोंगरावर 'गाय! गाय!' ओरडताहेत म्हटल्यावर दोन पोरं थांबून झाडीत गाय शोधत होती.

गेल्या आठवड्यात सलग अकरा वळणं झाली. बाराव्याला, मावशी बघताहेत ना, हे पाहायला मी मान मागे वळवली. आता डावा गुडघा उशीवर आहे. डॉक्टर म्हणाले, मोडलं काही नाही, पंधरा दिवसांत सूज उतरेल. हे मासिक मिरजेला पोचेपर्यंत ती उतरलेली असेल; तोवर ओळखीच्यांपैकी कुणी आईजवळ विषय काढू नये, ही विनंती.