राष्ट्रपतींची विनंती आणि बँकेचं स्टेटमेंट

आपल्या पासपोर्टच्या आत भारताच्या राष्ट्रपतींच्या नावाने विनंती छापलेली असते: धारकाला विनाअडथळा जाऊ द्यावं, लागेल ती मदत करावी. व्हिसा केंद्राच्या खिडकीतली मुलगी ते पान उलटते आणि सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट मागते. शिवाय पगाराच्या स्लिपा, रजेचं पत्र, हॉटेलचं बुकिंग. एवढं देऊन युरोपने नकार दिला, तर शेंगेन व्हिसाचे ९० युरो परत नाहीत. नकाराचंही शुल्क असतं!

तरी हक्काबद्दल तक्रार नको. परदेशी जाणं हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे, यावर सर्वोच्च न्यायालयाने मनेका गांधी खटल्यात १९७८ साली शिक्कामोर्तब केलंय. घरातून निघायचा हक्क पक्का. पलीकडचं दार उघडेल का, हे न्यायालयाच्या हातात नाही.

गोंयकारांनी मात्र युक्ती काढली. ज्या पोर्तुगालची गोव्यातली सत्ता १९ डिसेंबर १९६१ रोजी संपवली, त्याच्याच दारात आता नातवंडं आजोबांचा जन्मदाखला घेऊन उभी. लिस्बनला जन्मनोंद होऊन पोर्तुगीज नागरिकत्व मिळालं की युरोपभर मोकळं रान. आपला कायदा दुहेरी नागरिकत्व मानत नाही, त्यामुळे भारतीय पासपोर्ट सरकारजमा होतो. मग गावच्या फेस्ताला यायचं तर ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड काढा. वडिलोपार्जित शेत वारशाने मिळेल, पण त्याच्या बांधालगतचा तुकडा विकत घेता येणार नाही. परदेशी झालात ना!