काढा पाठवू नका

म्युनिक, रविवार

ती. आईंना सा. न. वि. वि.

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोनदा विचारलंत, "त्याचा आवाज असा पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा का येतोय? खाणंपिणं नीट होतंय ना?" दुसरा प्रश्न मला होता, हे कळलं. म्हणून हे सविस्तर पत्र.

सगळं सुरू झालं पखवाजापासून. खालच्या मजल्यावरच्या आजींनी दाराला चिठ्ठी चिकटवली: रविवारी सकाळी तुमच्याकडे गाणी लागली की माझ्या कपाटातले कप वाजतात. इथे रविवारची शांतता एकादशीसारखी पाळतात. मी म्हटलं, तो जमिनीवरचा बेसचा ठोकळा उचल आणि खाली घोंगडी घाल. पण घोंगडीनं प्रश्न सुटला तर इंजिनिअर कशाला झालो, असं तुमच्या चिरंजीवांचं मत. लॅपटॉपवर इक्वलायझर बसवून खर्जच कापायचा ठरला.

हा लॅपटॉप म्हणजे तोच जुना. विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट ऑक्टोबर 2025 मध्ये बंद झाला, 11 त्यावर चढेना, म्हणून यानं लिनक्स घातलं. या गावच्या महापालिकेनंही 2003 मध्ये लिनक्स घ्यायचं ठरवलं होतं आणि 2017 मध्ये पुन्हा विंडोजकडे जायचं ठरवलं. मी हे जेवताना सहज बोलले. आमटी गार होईपर्यंत उत्तर चाललं होतं.

तर, त्या प्रोग्रॅमचं नाव ईझी इफेक्ट्स. 'ईझी' कुणासाठी, ते लिहिलेलं नाही. सगळ्या प्रोग्रॅमांचा आवाज तो आधी स्वतःकडे वळवतो, संस्कार करतो आणि मग स्पीकरकडे धाडतो. यानं खालच्या पट्ट्या 12 डेसिबलनं उतरवल्या. पखवाज जसाच्या तसा. मग रागानं 500 हर्ट्झपर्यंतच्या सगळ्या पट्ट्या तळाला नेल्या. तरी कप वाजतच होते.

मग काळ्या खिडकीत आज्ञा टंकणं सुरू झालं. लिनक्समध्ये आवाजाची वाहतूक पाइपवायर बघतो आणि कुठली नळी कुठे जोडायची ते वायरप्लंबर. खरंच तसं नाव आहे! आमच्या नळाच्या प्लंबरसाठी तीन आठवडे थांबले होते मी. हा एका आज्ञेत उठून कामाला लागला. फरक शून्य. गाण्याचा आवाज ईझी इफेक्ट्सकडेच जातोय, हे दुसऱ्या एका प्रोग्रॅमनं दाखवलं. म्हणजे सगळं बरोबर आणि तरीही काही होत नाही. अशा वेळी हा केसांतून हात फिरवत बसतो, ते तुम्हाला माहीत आहेच.

त्या दुपारीच तुमचा कॉल आला आणि तुम्ही डबा म्हणालात. यानं "नेटवर्क, आई" म्हणून उडवून लावलं. पण मला तुमचा डबा खटकला. माझा आवाज नेहमीसारखा, याचाच तेवढा पातळ? तो हेडफोन लावून याच लॅपटॉपवर बोलत होता, मी शेजारून माझ्या फोनवर.

ईझी इफेक्ट्सला दोन कप्पे असतात, आउटपुट आणि इनपुट. एक स्पीकरकडे जाणाऱ्या आवाजाचा, दुसरा माइकमधून येणाऱ्याचा. इक्वलायझर बसला होता इनपुटमध्ये! म्हणजे पखवाज मोकळा आणि खर्ज कापला जात होता तुमच्या मुलाचा. जुन्या टेलिफोनवर 300 हर्ट्झच्या खालचं जवळजवळ सगळं गाळलं जायचं; यानं 500 पर्यंत कापलं. डबाच होणार. रोग तुम्ही ओळखलात, अवयव तेवढा चुकला.

आता इक्वलायझर आउटपुटमध्येही बसलाय, पट्ट्या बेतानं उतरवल्यात. पखवाज जरा वाळल्यासारखा वाटतो, पण कप गप्प आहेत. इनपुटमधला काढायचा मात्र राहिलाय. सोमवारच्या ऑफिस मीटिंगमध्ये याचा आवाज कसा येतो ते बघायचं म्हणून मी अजून आठवण केलेली नाही.

तेव्हा पुढच्या रविवारी पुन्हा डबा ऐकू आला तर सुंठ पाठवू नका. मागची बरणी अर्धी शिल्लक आहे.

ती. बाबांना नमस्कार.

तुमची
सूनबाई